यवनांचा डाव, खोतानचं पाणी: एका पटखेळाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

वही उघडली. खेळाचं सध्याचं नाव 'छांगआनचा यवन'. यवन म्हणजे ग्रीक, छांगआन म्हणजे हान काळातली चीनची राजधानी, आजचं शीआन. कल्पना एका वाक्याची. बॅक्ट्रियातले, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानातले, ग्रीक राजे हिंदुकुश उतरून आपल्याकडे आले. ते न येता पामीर चढून पूर्वेला, चीनकडे गेले असते तर?

नियम आणि मजकूर माझ्याकडे, नकाशा आणि चित्रं मित्राकडे. तो नोकरीतही नकाशेच काढतो, म्हणून या वहीत तो 'नकाशावाला'. त्याने पहिल्याच बैठकीत विचारलं, "चीन म्हणजे कुठला चीन?" मी म्हटलं, चीन म्हणजे चीन, त्यात काय. त्याने आजचा नकाशा उघडला, एक बोट काशगरवर ठेवलं, दुसरं शीआनवर. मधे जवळजवळ तीन हजार किलोमीटर. "काशगर आज चीनमध्ये आहे. तेव्हा होतं?"

नव्हतं. तकलामकान वाळवंटाच्या कडेनं वसलेली काशगर, यारकंद, खोतान, कुचा ही गावं तेव्हा आपापल्या छोट्या राजांची होती. चीनच्या हान घराण्याचं सैन्य त्या बाजूला यायला अजून शंभर वर्षं होती. म्हणजे आमच्या पटावर दोन चीन: जवळचा, जो तेव्हा चीन नव्हता, आणि लांबचा, जो होता. नियमपुस्तिकेत हे पहिल्या पानावर टाकायचं. नाहीतर कुणीतरी खोतान जिंकून "चीन जिंकला" म्हणत नाचेल. (बहुधा भाचाच.)

११ जानेवारी

इतिहास खऱ्या वाटेवरून जिथे सुटतो त्या जागेला आम्ही 'फाटा' म्हणतो. तीन फाटे विचारात होते.

पहिला, इ.स.पू. ३२९. अलेक्झांडरने सिर दर्याच्या काठी, आजच्या ताजिकिस्तानातल्या खुजंदजवळ, 'अलेक्झांड्रिया एस्खाते' वसवली. एस्खाते म्हणजे सगळ्यात टोकाची. तिथून काशगर सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. मोह होतो, पण अलेक्झांडर खेळात आला की बाकी सगळे सोंगट्या होतात. बाद.

दुसरा, इ.स.पू. ३२३. अलेक्झांडर गेल्याची बातमी येताच बॅक्ट्रियात बसवलेले ग्रीक सैनिक घरी जायला निघाले. २०,००० पायदळ, ३,००० घोडेस्वार. त्यांना आडवं जाऊन मारलं गेलं. ही माणसं पश्चिमेला न वळता पूर्वेला वळली असती तर? नकाशावाला म्हणाला, "जी माणसं घरी जायला निघालीत ती काशगरला कशाला जातील?" बरोबर आहे. बाद.

तिसरा, इ.स.पू. २०६, आणि इथे मी थांबलो. पश्चिम आशियातल्या सेल्युकिड या ग्रीक साम्राज्याचा राजा अँटिओकस तिसरा दोन वर्षं बॅक्ट्राला, म्हणजे बाल्खला, वेढा घालून बसला होता. आत युथिडेमस, बॅक्ट्रियाचा ग्रीक राजा. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने त्याचा युक्तिवाद नोंदवला आहे: सीमेवर भटक्यांच्या टोळ्या उभ्या आहेत, आपण दोघं भांडत बसलो तर त्या आत येतील आणि देश रानटी होईल. अँटिओकसला पटलं. हत्ती आणि रसद घेऊन तो निघून गेला. आणि याच इ.स.पू. २०६ मध्ये पूर्वेला चीनचं छिन घराणं संपलं, त्यांची राजधानी शियानयांग जळाली. पश्चिमेला वेढा उठला, पूर्वेला साम्राज्य कोसळलं, एकाच वर्षी. असा फाटा मुद्दाम बनवायला गेलो असतो तर नकाशावाल्याने "जुळवून आणलंयस" म्हणून हसण्यावारी नेलं असतं.

फाटा पक्का. युथिडेमसचा मुलगा डेमेट्रियस दक्षिणेऐवजी पूर्वेला जातो.

१९ जानेवारी

पुराव्यांसाठी तीन खोकी केली: 'धरा', 'अफवा', 'नको'.

'धरा'मध्ये पहिलं वाक्य ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोचं. बॅक्ट्रियाच्या ग्रीकांनी आपलं राज्य 'सेरेस आणि फ्रिनोई' यांच्यापर्यंत वाढवलं, असं तो आर्टेमिटाच्या अपोलोडोरसच्या हवाल्याने लिहितो. सेरेस म्हणजे रेशीमवाले. आमच्या सगळ्या खेळाला जुन्या लेखनात एवढा एकच खुंटा. त्यातही 'पर्यंत' म्हणजे वेशीपर्यंत की वेशीच्या आत, हे ऐकीव वाक्यावरून कोण सांगणार.

'अफवा'मध्ये निकेलची नाणी. युथिडेमस दुसरा, पँटालिऑन, अगाथोक्लिस या बॅक्ट्रियाच्या राजांची तांबं-निकेलच्या मिश्रणाची नाणी खरीखुरी आहेत. हा धातू चीनमधून आला असावा असं एकोणिसाव्या शतकापासून म्हटलं जातं, आणि ते खोडून काढणारेही तितकेच आहेत. खेळात नाणं घ्यायचं, 'चीनशी व्यापाराचा पुरावा' म्हणायचं नाही.

खोतानजवळच्या सम्पुलमध्ये मिळालेली लोकरीची भिंतपट्टी कुठे टाकायची यावर अर्धा तास वाद झाला. वर सेंटॉर, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा, खाली भाला धरलेला योद्धा. कुणीतरी ती कापून तिची विजार शिवली आणि ती विजार थडग्यात गेली. नक्षी ग्रीक वळणाची आहे यात शंका नाही, पण ती कधी विणली आणि कुठून आली यावर एकमत नाही. शेवटी अर्धी 'धरा', अर्धी 'अफवा'. खोकं फाडून नवीन करावं लागेल.

छिन सम्राटाच्या मातीच्या सैन्यामागे ग्रीक शिल्पकार होते, हे 'नको'त. नकाशावाल्याला वाईट वाटलं. त्याने चित्र काढूनही ठेवलं होतं.

२ फेब्रुवारी

पहिला डाव. खेळाडू: भाचा (यवन), नकाशावाला (हान), मी (शिओंग्नू, म्हणजे उत्तरेकडचे घोडेस्वार भटके).

भाच्याने चौथ्या फेरीत छांगआन घेतलं. एक फेरी म्हणजे पाच वर्षं, म्हणजे वीस वर्षांत चीन खलास. त्याने हत्तीसुद्धा नेले. मी म्हटलं, अरे हत्ती पामीर कसा चढेल? "मामा, हॅनिबलने इ.स.पू. २१८ मध्ये आल्प्स ओलांडला की नाही? तेव्हाचाच काळ आहे." मला पटकन उत्तर सुचलं नाही. घरी येऊन बघितलं: फरगाण्यातून, म्हणजे पामीरच्या उत्तरेकडच्या खोऱ्यातून, काशगरकडे जाताना लागणारी तल्दिक खिंडच ३,६०० मीटरच्या वर आहे, आणि पलीकडे उतरलं की समोर सुपीक इटली नाही, वाळवंट आहे. तरी हत्तीचा एक पत्ता ठेवतोय. चढाईत फासा टाकायचा; एक ते पाच पडले तर हत्ती गेला.

जाता जाता भाच्याने निकाल दिला, "मामा, फार सोपं आहे. कंटाळा आला."

९ फेब्रुवारी

सोपं का झालं ते सापडलं. मी प्रत्येक गावाला सारखंच 'धान्य ३' दिलं होतं. आठवडाभर 'हान-शू' या हान घराण्याच्या इतिहासग्रंथातले आकडे उतरवून काढले. हान राजवटीने पश्चिमेकडच्या राज्यांची घरं, माणसं आणि हत्यार धरू शकणारे पुरुष मोजून ठेवले होते. आकडे आमच्या काळानंतरचे आहेत, पण दुसरं काही हाताशी नाही आणि प्रमाण कळायला पुरतात.

खोतान: ३,३०० घरं, १९,३०० माणसं, २,४०० सैनिक. काशगर: १,५१० घरं, १८,६४७ माणसं, २,००० सैनिक. यारकंद: २,३३९ घरं, १६,३७३ माणसं, ३,०४९ सैनिक. तिन्ही मिळून ५४,३२० माणसं. आपल्याकडे तालुक्याच्या गावाला एवढी वस्ती असते.

आता उलटी बाजू. अलेक्झांडर भारताकडे निघाला तेव्हा एकट्या बॅक्ट्रियाच्या बंदोबस्ताला त्याने १०,००० पायदळ आणि ३,५०० घोडेस्वार मागे ठेवले होते. तेवढीच फौज डेमेट्रियसने दक्षिणेकडच्या या तीन गावांत आणून बसवली, तर दर चार गावकऱ्यांमागे एक शिपाई पोसायचा. शिवाय घोडा. पहिल्या हिवाळ्यातच गावकरी पळून जातील किंवा शिपाई.

उत्तरेच्या वाटेवर कुचा मोठं: ८१,३१७ माणसं. पण ते शिओंग्नूंच्या दारात. आणि खुद्द हान चीन? इ.स. २ च्या गणतीत साडेपाच कोटींहून जास्त माणसं. भाच्याने वीस वर्षांत जिंकलेला चीन तो हा.

धान्याचे खाने नव्याने मांडले. खोतान २, काशगर २, यारकंद १, कुचा ५. फरगाण्याला ८, तिथे याच ग्रंथात ६०,००० घरं आणि तीन लाख माणसं आहेत.

२३ फेब्रुवारी

दुसरा डाव. आता उलटं झालं. यवन तिसऱ्या फेरीत उपाशी मेले, खोतानच्या पुढे गेलेच नाहीत. भाचा म्हणाला, आता अवघड झालंय, पण कंटाळा तेवढाच आहे. खेळ म्हणून हे चालणार नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

मावशी आली होती. तिच्याकडे सात म्हशी आहेत, त्यामुळे ती दोन दिवसांपेक्षा जास्त कुठे राहत नाही. पुरणपोळीनंतर पट मांडलेलाच होता, तिने पत्ते चाळले. एका पत्त्यावर मी 'अल्फाल्फा' असं लिहिलेलं, खाली घोडा. झांग छ्येन हा हान सम्राट वूचा दूत इ.स.पू. १३८ मध्ये पश्चिमेला निघाला, दहाएक वर्षं शिओंग्नूंच्या कैदेत राहिला, शेवटी फरगाणा आणि बॅक्ट्रिया बघून परतला. शंभरावर माणसं घेऊन गेलेला. परत आले दोघं. त्याच्या मागून गेलेल्या दूतांनी फरगाण्यातून द्राक्षांचं आणि या चाऱ्याचं बी चीनमध्ये नेलं. ग्रीक त्याला मीडियाचं गवत म्हणायचे.

मावशीने चित्र जवळ धरलं. "ही तर लसूणघास हाय."

बघितलं. खरंच लसूणघास. जवळजवळ तीन महिने मी ज्याला अल्फाल्फा म्हणून इतकं जपत होतो, ती तिच्या गोठ्यामागच्या वाफ्यात उभी आहे. पत्त्यावरचं नाव तिथल्या तिथे खोडलं.

मग तिने जे विचारलं ते इथे शब्दशः लिहून ठेवतो. "घोडी किती?" मी म्हटलं, समज दहा हजार. पॉलिबियस युथिडेमसच्या घोडदळाचा तोच आकडा देतो. "मग पाणी कुठनं?" नदी आहे, बर्फाचं पाणी येतं. "नदी हाय ते झालं. वाफ्यात कोण सोडतंय? लसूणघास एकदा पेरली की तीन-चार वर्षं कापत ऱ्हायची, पर आठ-धा दिसाला पाणी लागतंच. पाळी कुणाची, पाट कुणाचा, ते ठरलेलं नसंल तर तुझा राजा काय करतोय?"

माझ्या खेळात पाण्याची सोंगटीच नव्हती.

६ एप्रिल

पाणी धरून सगळं पुन्हा वाचलं. यातलं बरंचसं आधी वाचलेलं होतं, पण लढायांच्या मागे लागून गाळलेलं.

ऐ-खानुम. अमू दर्याच्या काठचं ग्रीक शहर, नाट्यगृह आणि व्यायामशाळेसह. डेल्फीची वचनं क्लिआर्कस नावाच्या माणसाने तिथे दगडावर उतरवून आणली. आम्ही तेवढंच चितारलं होतं. पण फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी शहराभोवतीचं मैदान तपासलं तेव्हा कालव्यांचा इतिहास ग्रीकांच्या कितीतरी आधी, कांस्ययुगापर्यंत गेला. ग्रीक तयार पाटांवर येऊन बसले होते.

दुसरं, फरगाण्याचं युद्ध, इ.स.पू. १०४ ते १०१. सम्राट वूला तिथले 'रक्ताचा घाम गाळणारे' घोडे हवे होते. सेनापती ली ग्वांगलीची पहिली स्वारी वाटेतच फसली. वाळवंटातल्या गावांनी दारंच उघडली नाहीत. दुसऱ्या स्वारीला ६०,००० सैनिक, १,००,००० बैल, ३०,००० घोडे, वर गाढवं आणि उंट. आणि खास पाण्याचे कारागीर. राजधानीत विहिरी नव्हत्या, शहर बाहेरच्या ओढ्याचं पाणी प्यायचं. कारागिरांनी ओढाच वळवला. चाळीस दिवसांवर वेढा चालला, बाहेरचा तट पडला, सरदारांनी स्वतःच्या राजाचं डोकं कापून तह केला.

तह का केला, तर ली ग्वांगलीच्या कानावर आलं की शहरात नुकतीच काही चिनी माणसं आली आहेत आणि त्यांना विहिरी खणता येतात. आता वेढा लांबवून उपयोग नाही. सात-आठ वाक्यांच्या त्या वर्णनात ही विहीर खणणारी माणसं एकदाच येतात आणि जातात. सगळ्या प्रकल्पातली माझी सर्वांत आवडती माणसं. कोण असतील? पळालेले शिपाई? कैदी? त्यांच्यासाठी स्वतंत्र पत्ता करायचा: 'विहीर खणणारा'. कुठल्याही बाजूला जातो, जो पोसेल त्याचा.

परत किती आले तेही लिहून ठेवतो: दहा हजारांवर माणसं आणि हजारावर घोडे. मिळालेली उत्तम जनावरं काही डझन, मध्यम आणि हलकी ३,०००. हान काळातला इतिहासकार सीमा छ्येन म्हणतो, दुसऱ्या खेपेला अन्न कमी नव्हतं, लढाईतही फार मेले नाहीत. अधिकाऱ्यांनी लुबाडलं म्हणून माणसं मेली. भाच्याने लगेच 'लोभ' नावाचा नियम सुचवला: सेनापतीला हव्या तितक्या सोंगट्या खिशात घालता येतील, मात्र त्या सैन्यातून वजा. हा नियम त्याला फार आवडला आहे. मला थोडी काळजी वाटते.

२० एप्रिल

किरकोळ दुरुस्त्या. नकाशावाल्याने घोडेस्वारांना रिकिबी काढल्या होत्या. त्या काळात रिकीब नाही, पाय लोंबते ठेव म्हटलं. खोतानच्या चौकोनात रेशमाचा किडा होता, काढला: रेशीम बनवायची विद्या तिथे कित्येक शतकांनी पोचली. त्या जागी जेड. युरुंगकाश आणि काराकाश, पांढऱ्या आणि काळ्या जेडच्या दोन नद्या, तिथे आहेतच, आणि खोतानला पाणीही त्यांचंच.

१ मे

सुट्टी होती, नाशिकला गेलो. पांडवलेण्यांत सतरा क्रमांकाचं लेणं. पायऱ्या चढून धाप लागली, लेख वर आहे, ऊन तिरपं पडलं की अक्षरं उठतात. ब्राह्मीतलं मला अडखळत वाचता येतं. 'ओतराहस दातामितियकस योणकस'. उत्तरेकडचा, दातामितीचा, यवन. धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. त्याने तिरण्हु डोंगरावर हे लेणं खणवलं, आत चैत्यघर, आणि पोढ्या. आईवडिलांच्या नावाने. मुलाचं नाव धम्मरक्षित.

दातामिती म्हणजे डेमेट्रियसच्या नावाचं एखादं शहर असावं, असं काही अभ्यासक मानतात. तोच डेमेट्रियस, ज्याला मी फाट्यावर पूर्वेला वळवला.

तिथे उभा असताना लक्षात आलं की माझ्या खेळात हे लेणं नाही. डेमेट्रियस खोतानला गेला तर साकेतला, म्हणजे अयोध्येला, वेढा पडत नाही, आणि व्याकरणकार पतंजलीला 'अरुणद् यवनः साकेतम्' हे उदाहरण मिळत नाही. सागलात यवन राजा मिनँडर नाही, त्याचे नागसेन भिक्षूला विचारलेले प्रश्न नाहीत. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावं नाहीत, जुन्नरलाही नाहीत. 'समजा असं झालं असतं तर' हा खेळ मी आजवर बेरजेसारखा खेळत होतो, यवनांना आणखी एक देश द्यायचा म्हणून. वजाबाकीकडे बघितलंच नव्हतं, आणि ती माझ्या घरापासून चार तासांवर निघाली.

आणि तो शब्द, पोढी. किल्ल्यांवर फिरणारे आम्ही लोक आजही खडकात खोदलेल्या टाक्याला पोढी म्हणतो. एका यवनाने दगडात कोरवून ठेवलेला मराठी शब्द. (मराठी म्हणणं बरोबर नाही, प्राकृत आहे. पण तिथे उभं राहून मला तसंच वाटलं.)

परतताना बसमध्ये नवीन नियम लिहून काढले.

४ मे

नियम, तिसरी आवृत्ती.

पाण्याच्या सोंगटीचं नाव 'पोढी'. निळी, चपटी. प्रत्येक गावाला सुरुवातीला एक किंवा दोन. धान्य आता पोढीवर अवलंबून. पोढीला दर फेरीला एक माणूस द्यायचा, तो लढत नाही. दिला नाही तर पोढी उलटी करायची, म्हणजे गाळाने भरली.

ग्रीक माणूस पोढीवर बसवला की त्याच्या सोंगटीचा रंग त्या फेरीअखेर बदलतो. निळ्या यवनाचा राखाडी गावकरी होतो. पुढच्या लढाईत तो यवन म्हणून धरायचा नाही. खेळाडूची कोंडी इथे आहे: लढणारी माणसं ठेवली तर पाट बुजतात, पाट राखले तर लढणारी माणसं उरत नाहीत.

नकाशावाला म्हणाला, "मग जिंकायचं कसं?" ते अजून ठरलेलं नाही.

१८ मे

शिओंग्नूंचं ठरवलं. आधीच्या डावांत मी त्यांच्या वतीने खेळत होतो. आता त्यांना खेळाडूच नको. गवताळ प्रदेश पटाच्या वरच्या कडेला, कुणाच्याही मालकीचा नाही, आणि तिथून दर फेरीला एक पत्ता उलटतो.

कारण तारखा बघा. मोदू इ.स.पू. २०९ मध्ये शिओंग्नूंचा प्रमुख झाला. इ.स.पू. २०० मध्ये त्याने हान घराण्याच्या संस्थापकाला बायडेंगला सात दिवस कोंडून धरलं. त्यानंतर हान दरबार राजकन्या आणि रेशीम पाठवून शांतता विकत घेऊ लागला. इ.स.पू. १७६ मध्ये मोदू हान सम्राटाला कळवतो की युएझी या भटक्या टोळ्यांना आपण चिरडलं, लौलान, वूसुन आणि आसपासची सव्वीस राज्यं आपली झाली. म्हणजे माझ्या डेमेट्रियसच्या हातात फाट्यापासून जेमतेम तीस वर्षं आहेत. सहा फेऱ्या. आधी मी वीस धरल्या होत्या.

याच युएझी टोळ्या पुढे पश्चिमेला सरकत बॅक्ट्रियात उतरल्या. ऐ-खानुम इ.स.पू. १४५ च्या सुमारास जळलं. झांग छ्येन पोचला तेव्हा तिथे मोठा राजा उरला नव्हता, गावोगाव आपापला मुखिया. लोक व्यापारात हुशार, लढाईला भिणारे, अशी नोंद त्याने केली. पूर्वेला गेलेले यवन तरी त्या टोळ्यांच्या वाटेतच बसले असते. त्यांना काही जास्त वर्षं मिळाली असती असं मला वाटत नाही. युथिडेमसने अँटिओकसला भीती घातली होती ती खोटी नव्हती.

८ जून

तिसरा डाव, साडेचार तास, मधे पावसाने वीज गेली म्हणून मेणबत्तीवर. खेळाडू: भाचा यवन, नकाशावाला खोतानचा राजा (हानऐवजी, लांबचा चीन आता पटावर फक्त एक बाजारपेठ आहे), मावशी फोनवर, सल्लागार.

भाच्याने काशगर आणि यारकंद पहिल्या दोन फेऱ्यांत घेतली. खोतानशी लढायच्या ऐवजी लग्नाचा पत्ता टाकला. नकाशावाल्याने हुंड्यात पोढी मागितली, भाच्याने दोन ग्रीक तिच्यावर बसवले, ते राखाडी झाले. चौथ्या फेरीत मोदूचा पत्ता उलटला आणि काशगर गेलं. भाच्याकडे यारकंदमध्ये तीन यवन उरले. त्याने खूप वेळ विचार केला. मला वाटलं शेवटची धडक मारेल, तो त्याच जातीचा आहे. त्याने तिघांनाही पाटावर बसवलं.

"मामा, आता मी हरलो का?"

नियमाप्रमाणे हो, पटावर एकही निळा यवन नव्हता. पण गावात धान्य चार होतं, पूर्ण डावातलं सर्वांत जास्त, आणि नकाशावाल्याच्या पोढ्या अर्ध्या उलट्या पडल्या होत्या. मावशी फोनवरून म्हणाली, पोराला काहीतरी द्या.

१५ जून

काय द्यायचं ते मिळालं. शेवटी मोजायच्या पत्त्याचं नाव 'दातामिती'. डाव संपताना ज्या गावात राखाडी सोंगटी आणि सुलटी पोढी एकत्र असेल, त्या गावाला नवं नाव द्यायचा हक्क यवन खेळाडूचा. नाव ग्रीक नसलं तरी चालेल. गुण: गावातल्या प्रत्येक धान्यामागे एक. भाच्याचा डाव पुन्हा मोजला. तो एका गुणाने हरतो. त्याने फेरमोजणी मागितली आहे.

खेळाचं नाव बदलून 'पोढी' केलं. 'छांगआनचा यवन' हे खोकंभर कागदांवर छापलं गेलंय, पाठकोरे म्हणून वापरू.

२९ जून

नाण्याचं चित्र. नकाशावाल्याला 'आमच्या' कल्पित राज्याचं नाणं काढायचं होतं: एका बाजूला ग्रीक राजा, दुसऱ्या बाजूला चिनी अक्षरं. मी त्याला खोतानची खरी नाणी दाखवली, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली. एका बाजूला चिनी अक्षरांत वजन, दुसऱ्या बाजूला घोडा किंवा उंट, भोवती खरोष्ठी लिपीत, आपल्याला अर्धी समजेल अशा भाषेत, 'महाराज राजातिराज'. आणखी पुढच्या काळातल्या, पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला निया या जुन्या वस्तीच्या वाळूत सापडलेल्या लाकडी पाट्यांवरही तीच लिपी: जमिनीची, उंटांची, करांची, पाण्याची भांडणं. किमती मोजताना 'सतेर' आणि 'द्रख्म'. स्टेटर आणि ड्राक्मा. एका पाटीच्या मातीच्या मोहरेवर ढाल घेतलेली ग्रीक देवी अथीना.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "मग मी काय काढू?" घोडा काढ म्हटलं. पाय लोंबते.

१७ ऑगस्ट

पत्त्यांचा छापील नमुना आला. कागद चांगला, निळा रंग हवा तसा, नकाशावरची वाळू थोडी गुलाबी झालीय पण चालेल. 'विहीर खणणारा' सुरेख दिसतोय. जुळणी करणाऱ्याने एका पत्त्यावरचं शीर्षक जागेत बसेना म्हणून परस्पर कापलंय: चित्रात फरगाण्याचे घोडे हिरव्यागार वाफ्यात चरताहेत, आणि वर ठळक अक्षरांत 'लसूण'.

दुरुस्ती कळवली. मावशीला फोटो पाठवला. तासाभराने उत्तर आलं: "ऱ्हाऊ दे. मोदूची घोडी वासानंच माघारी जातील."